कोपऱ्यातल्या पिंजऱ्याचं पाणी

दिगंबरला दवाखान्यात आणलं तेव्हा मी त्याच्या तोंडाशी वाकलो, तर श्वासाला अति पिकलेल्या पेरूसारखा वास येत होता. तो वास आम्हा दोघांच्याही चांगला ओळखीचा. त्याने डोळे अर्धवट उघडले. "वास यायलाय का रे?" मी म्हणालो, "न्हाई." माझं खोटं त्याला लगेच कळलं असणार. तो हसल्यासारखा दिसला... दिवस मावळायच्या आत दिगू गेला.

परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आम्ही एकाच खोलीत बसून संशोधन करायचो. पांढऱ्या उंदरांना ॲलॉक्सन नावाचं औषध टोचून मधुमेह जडवायचा आणि मग त्यांच्या शरीरात काय काय बिघडतं ते पाहायचं, हा त्याचा विषय. रक्तात साखर साचते, पण शरीराला ती वापरता येत नाही. उंदीर सारखा खातो, सारखं पाणी पितो आणि तरी वाळत जातो. मग शरीर स्वतःचीच चरबी जाळायला लागतं, तेव्हा तो वास सुटतो. "भरल्या ताटावर उपाशी मरायलंय बिचारं," दिगू म्हणायचा. सुई टोचण्याआधी तो उंदराची माफी मागायचा, त्यावरून आम्ही त्याची भरपूर चेष्टा केली.

त्यातला एक उंदीर आपोआप बरा झाला. क्वचित होतं असं, का ते नेमकं सांगता येत नाही. प्रयोगाच्या दृष्टीने असला उंदीर बाद. पण दिगूने त्याला टाकून दिलं नाही, कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात ठेवून घेतलं. रोज संध्याकाळी आधी त्याची पाण्याची बाटली बघायचा. पाणी उरलेलं दिसलं की स्वारी खूश. "लय शहाणा निघाला गड्या ह्यो!"

काही महिन्यांनी दिगूच घटाघटा पाणी प्यायला लागला. शर्ट अंगावर ढगळ झाला. तपासणीच्या आधीच त्याला कळून चुकलं होतं. "उंदरांनी उट्टं काढलं," म्हणाला. मला हसू आलं नाही.

पोखर्णीला त्याची आई एकटी असते. तो गावी गेला की माय त्याची इन्शुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची. एकदा जेवणाआधी सुई घेऊन त्याला भोवळ आली होती, तेव्हापासून त्यानेच तिला बजावलेलं, पोटात अन्न असल्याशिवाय मला सुई द्यायची नाही. यावेळी गावी गेला आणि ताप, उलट्या सुरू झाल्या. अन्नाचा कण पोटात ठरेना. ग्लानीत तो सुई मागत होता आणि माय त्याचाच शब्द पाळत होती. "आधी दोन घास खा लेकरा, मंग देते." आजारपणात उपाशी असलं तरी सुई पूर्ण बंद करायची नसते, हे तिला सांगायचं राहून गेलं होतं. त्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद, एसटी नाही. शेवटी बैलगाडीत घालून आणलं. हे सगळं मायनेच मला सांगितलं, आणि तिने लेकराला किती जपलं हेही. सुई द्यायला हवी होती, हे मी तिला सांगितलं नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून इथे लिहितो तरी आहे.

तेराव्यानंतर मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली.

"बाबा, तुमच्या त्या उंदरांत कोनी बरं झालं का रे?"

"एक झाला, माय."

मला वाटलं, आता विचारेल, मग माझंच लेकरू का नाही... तिने पदराने तोंड पुसलं.

"मंग त्याला जप."

आता सकाळी कोपऱ्यातल्या पिंजऱ्याची बाटली मी भरतो. उंदीर म्हातारा झालाय, अंगावरचे केस विरळ झालेत, पण खातो-पितो बेताने. संध्याकाळी खोलीला कुलूप लावण्याआधी जाऊन बघतो. बाटलीत पाणी उरलेलं असतं. दाखवायला मागे वळतो, तर कोणी नसतं.