बावासाठी जिता ससा

बावाला ससा खायचा होता. मरायला टेकलेल्या माणसाच्या इच्छा साध्या असतात असं लोक म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी कधी ससा पकडून बघितलेला नसतो.

महाडच्या डॉक्टरांनी लिव्हरचे कागद बघितले आणि बावाला घरी न्यायला सांगितलं. मागेल ते द्या, म्हणाले. बापासाठी मी कुवेतहून सुट्टी घेऊन आलो होतो. तिकडे मी एसी दुरुस्त करतो. कुठलंही बंद मशीन माझ्यापुढे ठेवा, बिघाड कुठे आहे ते मी अर्ध्या तासात सांगतो, हा माझा तोरा. घरी आल्यावर तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता. बावा पेजेचे दोन चमचे घ्यायचा आणि तोंड भिंतीकडे करायचा. आईने गावठी कोंबडी केली, मी महाडच्या बाजारातून सुरमई आणली. दोन्ही आम्हीच खाल्ली. मग एका सकाळी तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "ससा खाईन." इतक्या दिवसांनी त्याने काहीतरी मागितलं म्हणून आईला रडूच फुटलं. मी आणतो म्हणालो.

सशाला पकडणं गुन्हा आहे हे मला माहीत होतं. माहीत असून पकडायला गेलो. त्याची सफाई देण्यात अर्थ नाही, आणि त्याहून मोठं काहीतरी मला इथे सांगायचं आहे.

बावा तरुणपणी फास लावण्यात पटाईत होता. भात कापून झाल्यावर शेतात वाल पेरतात, तो चार बोटं वर आला की ससे कोवळे शेंडे खायला उतरतात. तेव्हा तो डोंगराकडेला तारेचे फास लावायचा. बाकीचे लोकही लावायचे, पण त्यांचं काम सोपं. ते सकाळी उन्हं वर आल्यावर निवांत जायचे आणि मेलेला ससा उचलून आणायचे. आमच्यात ते चालत नाही. फाशातच जीव गेला तर ते जनावर मुर्दार, खायचं नाही. अंगात जीव असताना बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरली पाहिजे. म्हणून बावाचा फास असा असायचा की ससा अडकेल, पण गुदमरणार नाही. ती करामत माझ्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं चालली होती. मला पासपोर्टची घाई होती, मी एकदाही नीट बघितलं नाही.

वरंधच्या वरच्या वाडीवरून एक म्हशीवाला आमच्याकडे दूध घालायला येतो. त्याच्या बापाची आणि बावाची दोस्ती होती, आमची वयं सारखी. त्याने मला त्याच्या वालाच्या शेताकडेची सशांची वाट दाखवली. करवंदीच्या जाळीखाली गवत दबलेलं, बाजूला वाटाण्याएवढ्या सुक्या लेंड्या. मी मोटरसायकलच्या क्लचची तार सोडवून चार फास केले आणि ऐटीत लावले. दुसऱ्या दिवशी ससा फासाच्या वीतभर अलीकडून वळून गेलेला. घरी येऊन सांगितलं तर बावाने डोळे न उघडता विचारलं, तार नवी होती का. नवी तार चमकते. मग ती चुलीवर धरून काळी केली. तरी काही नाही. फास खाली लागला होता, सशाने तो पायाने उडवला होता. बावाने पांघरुणातून हात काढून मूठ आवळली आणि अंगठा वर केला. तेवढी उंची, जमिनीपासून. तो हात पुन्हा आत घ्यायला मला मदत करावी लागली.

तिसऱ्या खेपेला ससा सापडला. मेलेला. तार मी घट्ट खुंटीला बांधली होती, तो जोरात आला असणार, मानच मोडली. म्हशीवाला म्हणाला, "मेला तं काय झाला, मटान त्याच हाय ना?" आणि घेऊन गेला. चौथ्या खेपेचा त्यालाच मिळाला, पाचव्या खेपेचाही. मी कुवेतची रजा खर्च करून त्याच्या वाडीला रस्सा पुरवत होतो. तो हसायचा आणि मला हसता येत नव्हतं.

खुंटी नाही, ओली लवती फांदी हवी, ती ओढीबरोबर वाकली पाहिजे, हे बावाने सांगितलं. आणि तारेला एक गाठ, जिच्यापुढे फास आवळतच नाही. ती गाठ कशी, ते त्याला सांगता येईना. मी तारेचा तुकडा त्याच्या हातात दिला. सुजलेल्या बोटांनी त्याने एक पीळ घातला, तो सुटला, पुन्हा घातला. मग तार छातीवर ठेवून तो झोपला. मी तो अर्धा पीळ बराच वेळ बघत बसलो. मला त्यातून काहीच कळलं नाही, आणि आता विचारायला तो रोज थोडा थोडा कमी उरत होता. माझ्या मनाने गाठ घातली तर ती सैल निघाली. सकाळी तारेला नुसते केस.

त्या आठवड्यात पेजही बंद झाली. बावा फक्त ओठ ओले करून घ्यायचा, आणि मी दारात आलो की माझ्या हातांकडे बघायचा. ते रिकामे हात लपवायला मला जागा नव्हती. मला त्याचा राग यायचा, इतका हट्ट कशाला म्हणून. मग रागाची लाज वाटायची.

शेवटी मी ठरवलं की गाठ जमत नाही तर निदान जवळ बसायचं. ससा ओरडला की धावत जायचं, जीव जायच्या आत सुरी. पहाटे जाऊन मी फासापासून हाकेच्या अंतरावर दगडाआड बसलो. थंडीने गुडघे धरले होते. काही हललं नाही. फजरची, म्हणजे पहाटेच्या दोन रकातींच्या नमाजची, वेळ झाली, उजाडायला लागलं. खाली वहाळाला थोडं पाणी होतं, तिथे हातपाय-तोंड धुऊन वजू केला आणि कातळावरच नमाजला उभा राहिलो. एरवी मी नमाजचा इतका पक्का नाही. त्या दिवशी मागायचं होतं म्हणून उभा राहिलो. एक जिता ससा, एवढंच.

पहिल्याच रकातीत तो ओरडला.

सशाचं ओरडणं ज्याने ऐकलंय त्याला सांगायला नको, तान्ह्या पोराच्या आवाजात ओरडतो. मी हात बांधून उभा. नमाज मध्येच मोडायची नाही, हे मला बावानेच लहानपणी कान धरून शिकवलं होतं. आणि जे मागत होतो ते देणाऱ्यालाच पाठ दाखवून पळायचं कसं? वाटलं, त्याने पाठवलाय तर तो दोन रकाती थांबवेलही. मी घाईघाईने वाकलो, सजद्यात गेलो, पुन्हा उभा राहिलो. दुसऱ्या रकातीत आवाज बारीक झाला. सजद्यात कपाळ कातळाला टेकलं तेव्हा तो थांबला. सलाम फिरवून नमाज संपवली आणि मी काट्यांतून धावत गेलो.

ससा गरम होता. डोळे उघडे. मी बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली. थोडं काळपट रक्त ओघळलं. पाय हलले नाहीत, अंग थरथरलं नाही. मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसलो, काहीतरी लागेल म्हणून. काही लागलं नाही. मला माहीत होतं, हे मी आज लिहून ठेवतो. तेव्हाही माहीत होतं.

म्हशीवाला दुधाचे कॅन घेऊन उतरत होता. त्याने कापलेला गळा बघितला आणि त्याचा चेहराच उजळला. जिता गावला ना, त्याने विचारलं. मी हो म्हणालो. चाचाला सलाम सांग म्हणाला. त्याला खरं सांगितलं असतं तर ससा त्याच्या वाडीवर गेला असता आणि मी पुन्हा रिकामा दारात उभा राहिलो असतो. त्या हातांनी मला परत जायचं नव्हतं.

आईने मिठासाठी रस्सा चाखला. थांब म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. तिने मला वाढायला घेतलं तर पोट बिघडलंय म्हणालो.

बावाला उशीला टेकवून बसवलं. मी मऊ तुकडा मोडून त्याच्या तोंडात घातला. त्याने बिस्मिल्ला म्हटलं, सावकाश चावलं, आणि चावायचा थांबला. आयुष्यभर जिता कापलेला ससा खाल्लेली जीभ ती. रक्त आत राहिलेल्या मटणाची चव तिला कळणार नाही, हे मी कसं गृहीत धरलं कुणास ठाऊक. त्याने माझ्याकडे बघितलं.

"जिता होता ना रे?"

"हो बावा. जिता होता."

त्याने गिळलं. मग पुन्हा तोंड उघडलं, आणि मी दुसरा तुकडा दिला. जिभेचं न ऐकता त्याने माझं ऐकलं. तीन तुकडे खाऊन त्याने माझ्यासाठी दुवा मागितली, हात वर होईनात तर आईने धरले.

तिसऱ्या दिवशी तो गेला. जनाज्याची नमाज सुरू होण्याआधी मुलाने लोकांसमोर उभं राहून बापासाठी माफी मागायची असते. मी उभा राहिलो. माझ्या बावाने कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाला फसवलं असेल, तर त्याला माफ करा, असं मी म्हणालो. सगळ्यांनी माफ केलं म्हणून सांगितलं. माझ्यामागे तो कफनात पडला होता, आणि मला ज्याची माफी हवी होती तो तोच होता.