मोबाइलची दृष्ट

सुरत शहरातील तमाम मराठी बंधू-भगिनींना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या कोसाडच्या घरात माझ्या जागी एका मोबाइलची नेमणूक झाली आहे.

उधन्यापासून पलसाण्यापर्यंत कुणाच्याही हळदीत माईक माझ्याच हातात असतो. शेठच्या चालीची नक्कल केली की आमच्या मिलच्या रंगाई खात्यातली माणसं पोट धरून हसतात. पण दिवाळीनंतर आमची लेक गप्प झाली आणि माझे सगळे खेळ पडले. ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. ताटात अन्न तसंच राहायचं, कॉलेजचं नाव काढलं की डोळे भरायचे. विचारलं तर, “कुछ नहीं, पप्पा.”

मन मोकळं करायला म्हणून कॉलेजनं मुलांना एक चॅटबॉट दिला होता. गॅलरीत बसून ती त्याच्याशीच टाइप करत राहायची. मी तिच्यापुढे शेठ झालो, शेठाणी झालो, शेवटी धागा तुटलेला लूमसुद्धा झालो. “मस्त, पप्पा,” म्हणाली आणि मान पुन्हा खाली.

बायकोनं निदान केलं : दृष्ट! शनिवारी दिवेलागणीला मीठ-मोहरी-मिरच्यांची मूठ तिनं लेकीवरून उतरवली. मग तिची नजर लेकीच्या हातातल्या मोबाइलवर गेली. “पोरनं मन ते येन्हामाच शे,” म्हणत तीच मूठ मोबाइलवरूनही फिरवली आणि तव्यावर टाकली.

दृष्ट जबर असेल तर मिरच्यांचा ठसका लागत नाही, असं आमच्यात मानतात. आम्ही तिघंही खोकून खोकून बेजार झालो. म्हणजे दृष्टसुद्धा नव्हती! बायकोनं सांडशीनं तवा खाली उतरवला. आता उतरवायचं तरी काय?

लेकीच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या, टाइप करता येईना. ती मोबाइलशी बोललीच, “घर में सब परेशान हैं। मैं कैसे बताऊँ?”

मोबाइल गोड आवाजात म्हणाला, “जो मुझे बताया, वही घर में किसी एक को बताकर देखिए।”

आम्ही दोघं ताठ झालो. मी तर टॉवेलनं तोंड पुसून तयारच. लेकीनं आमच्याकडे पाहिलं, ओठ उघडले, मिटले, आणि मोबाइल छातीशी धरला. मी टॉवेलनं पुन्हा तोंड पुसलं.

शेवटी बायकोच हातातल्या सांडशीसकट त्या मोबाइलवर ओणवली आणि ओरडली, “भाऊ, तुले समदं सांगस, मंग आमले काबर सांगत नही ती?”