चमचा वाजतो ते घर

लातूरहून निघताना पिशवीत शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी आणि डोक्यात राग, एवढंच सामान होतं. माझी धाकटी बहीण छाया उल्हासनगरला राहते. तिच्या इमारतीत शेजारच्या घराचा स्लॅब कोसळला, ही गोष्ट तिने मला पुष्कळ दिवसांनी, तीही भाजीच्या भावासारखी बोलता बोलता सांगितली. त्या घरातली माणसं लग्नाला गेली होती म्हणून वाचली. छाया मात्र अजून तिथेच राहत होती. तिला तिथून बाहेर काढायचं, असं ठरवूनच मी गाडीत बसले.

आम्ही दोघी भूकंपातल्या. दगडमातीच्या घराने आईला नेलं. मग सरकार आलं, कुठकुठले पाहुणे आले आणि माळावर आमचं नवं गाव उभं राहिलं. सगळी घरं एकसारखी, रांगेत; वडील कितीदा तरी दुसऱ्याच्याच दारात चपला काढायचे. पण घर मिळालं. तेव्हापासून आमच्याकडे एक सवय आहे. झोपताना उशाशी तांब्या, तांब्यावर ताटली आणि ताटलीत चमचा ठेवायचा. जमीन हलली की चमचा वाजतो आणि आपण बाहेर पळायचं.

कल्याणला उतरून शेअर रिक्षाने उल्हासनगरचा कॅम्प नंबर तीन गाठला. गल्लीत जीन्सचे गठ्ठे, त्यांच्यावर बसून चहा पिणारी माणसं आणि मधूनच वाट काढणारे टेम्पो. छायाची इमारत लांबूनच कळली, कारण भिंतीवर लाल रंगात ‘धोकादायक’ असं लिहिलं होतं. आत जागोजागी टेकू (स्लॅबला आधार देणारे लोखंडी खांब) लावलेले. स्वयंपाकघरातल्या टेकूला तर तिने कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती.

बुद्धमूर्तीशेजारी तांब्या, ताटली, चमचा दिसला आणि मला बरं वाटलं. तेवढ्यात तळमजल्यावरच्या जीन्सच्या कारखान्यात मशिनी सुरू झाल्या, चमचा खणखणला आणि मी थेट जिना गाठला.

छाया हसत मागून आली. “अगं अक्का, टेन्शन नको घेऊ. तो दिवसभर वाजतो.”

“मग खरंच काही हललं तर कळंल कसं?”

तिने खालून दालपकवान (कुरकुरीत पुरी आणि हरभऱ्याची डाळ, सिंधी लोकांची न्याहारी) मागवलं. घेऊन आलेले दुकानदारकाका याच इमारतीत राहणारे. मी त्यांच्यावरच उखडले, की तुम्ही सगळे इथे मरायला थांबलात का?

काकांनी खिडकीतून समोर बोट दाखवलं. “ती बिल्डिंग बघा, ताई. म्हणजे होती तिकडे. लोकांनी खाली केली. बिल्डर बोलला, लगेच नवीन बनवून देतो.”

समोर पत्र्याचं कुंपण होतं आणि आत टेम्पो उभे होते.

“ते लोक अजून भाड्याने फिरतात,” काका म्हणाले. “म्हणून आपण इकडे रोज शामको बत्ती लावतो. खिडकी काळी दिसली, तर बिल्डरचे लोक बोलतील, घर सोडून गेले, हक्क संपला.”

पकवान मी तसंच बाजूला ठेवलं. धरणी हलली तर तिला कोण जाब विचारणार? पण इथे धरणी हललीच नव्हती. कुणीतरी सिमेंट खाल्लं, कुणीतरी तिकडे काणाडोळा केला, आणि आता लाल रंगाचा एक शब्द लिहून सगळे हात झटकून मोकळे. आमचं अख्खं गाव एकदम पडलं म्हणून देश धावून आला. इथे एका वेळी एकच स्लॅब पडतो, म्हणून कुणी धावत नाही.

दुसऱ्या दिवशी छायाला जवळजवळ ओढतच बदलापूरकडे नेलं. तिचे यजमान अंबरनाथच्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांच्या ओळखीने सोनिवलीत एक खोली रिकामी असल्याचं कळलं होतं. रिक्षावाल्याने अलीकडे हेंद्रेपाड्यातच उतरवून “आलं तुमचं” म्हणून पोबारा केला. उन्हात विचारत विचारत पुढे गेलो. भाताची खाचरं, त्यांच्या कडेला उंच नव्या इमारती आणि मागे डोंगर, असा तो मुलूख आहे.

खोली तळमजल्यावरची, एका शेतकरी घरातल्या आजींची. छायाने आत पाऊल टाकताच आधी छताकडे पाहिलं. आम्ही दोघी कुठेही गेलो तरी आधी वरच बघतो. मग तिने पिशवीतून तांब्या, ताटली, चमचा काढून मांडला. तो तिने बरोबर आणलाय, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बाहेरून विटांचा ट्रक गेला. चमचा गप्प राहिला.

छाया तिथेच फरशीवर आडवी झाली आणि लहानपणीसारखी तोंड उघडं टाकून गाढ झोपली. मला रडू आलं. आजींनी तांदळाची भाकरी आणि सुकट आणून दिली. “निजू दे गो तिला,” त्या म्हणाल्या. मी मनातल्या मनात छायाचं सामानही लावून टाकलं.

उन्हं कलली तशी छाया उठली आणि तांब्या पिशवीत भरू लागली. “चल अक्का, मेणबत्ती लावायचीय. खिडकी काळी दिसायला नको.”

“छाया, तिकडची खोली जीव घेईल तुझा.”

“आणि सोडली तर घर जाईल. आपलं पडलं तेव्हा दुसरं मिळालं गं. इथे कोण देणार?”

“मग झोपायला तरी इकडं येत जा.”

“बघते,” ती म्हणाली. आजींनी खोली काही दिवस कुणाला देणार नाही, असं कबूल केलं. तेवढ्या आशेवर मी परतीची गाडी धरली.

घरी येऊन दार उघडलं. भूकंपानंतर मिळालेलं हेच ते घर. भिंतींचा रंग उडालाय, दारं फुगलीत, पण उभं आहे. या घराला मी आजवर किती नावं ठेवली, त्याची लाज वाटली.

दिवेलागणीला छायाला फोन केला. “कुठं आहेस? सोनिवलीत गेलीस का?”

“जाणार गं, जाणार,” ती म्हणाली.

तिच्या आवाजामागे चमचा खणखणत होता.