जळकं तेल

हाफीज तोंडानं लाँच चालवायचा. खरी लाँच तो हातानंच चालवायचा, पण इंजिन बंद असलं आणि समोर ऐकणारं कुणी असलं की ओठ मिटून, गाल फुगवून असा आवाज काढायचा की धक्क्यावर टेकलेली माणसं पिशव्या उचलून उभी राहायची. आधी हँडल फिरवताना लागणारा दम, मग इंजिनाचे दोन खोकले, आणि मग एकदाचं सुटलेलं टुक-टुक-टुक. एकदा एक म्हातारी या आवाजावर घाईघाईनं पाण्यात उतरली होती. तेव्हापासून तो आवाज काढायच्या आधी आजूबाजूला बघून घ्यायचा.

मुळशीच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांना तेव्हा रस्ता नव्हता. दुधाच्या किटल्या, बाळंतिणी, नवऱ्या मुली, शाळेचे मास्तर, सगळे त्याच्या लाँचमधून अलीकडे यायचे. लाँचवर लाल अक्षरांत नाव होतं ‘शाहजादी’. परक्या माणसाला वाटायचं, काय राजेशाही थाट आहे. शाहजादी म्हणजे हाफीजची आई. पौडच्या बाजारात बांगड्या भरायची, आणि गिऱ्हाइकाच्या हातापेक्षा तिच्या तोंडाला जास्त धार होती.

मग रस्ता झाला, जीप सुरू झाल्या आणि लाँच काठाला लागून गंजू लागली. शेवटी पाण्याकाठच्या एका रिसॉर्टनं ती घेतली. रंग दिला, बाकांवर गाद्या टाकल्या. इंजिन मात्र जुनंच, हँडल मारून सुरू करायचं, आणि ते हाफीजशिवाय कुणाला वश नव्हतं. म्हणून लाँचबरोबर हाफीजही रिसॉर्टवर गेला. पन्नाशीत दुसरं काही शिकायची त्याची तयारी नव्हती, आणि तसं तो चारचौघांत सांगायचाही.

रिसॉर्टचा मॅनेजर मनीष कोथरूडचा. त्याचं प्रत्येक वाक्य ‘बेसिकली’ या शब्दावरून निघायचं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तो धक्क्यावर आला आणि म्हणाला, “चाचा, बेसिकली गेस्टना डिझेलचा स्मेल नकोय. पाण्यावर तेलाचा तवंग नकोय. हिंजवडीच्या कंपन्या आता विचारतात, तुमची बोट ग्रीन आहे का?”

हाफीजनं लाँचकडे बघितलं. ती हिरवीच होती, नुकताच रंग दिलेला. तसं त्यानं सांगितलंही.

मनीष हसला नाही. त्यानं समजावलं, की वापरलेल्या खाद्यतेलापासून डिझेल बनतं, त्यावर लाँच चालवायची. मालकांनी एवढा एक हंगाम दिला होता. जमलं तर ठीक, नाहीतर उन्हाळ्यात बॅटरीची बोट येणार आणि लाँच भंगारात जाणार.

“आणि मी?” हाफीजनं विचारलं.

“बघू ना,” मनीष म्हणाला. या वाक्यात त्याचं बेसिकली नव्हतं.

पहिले कॅन आले तेव्हा सगळे खूश झाले. इंजिन मऊ चाललं, आणि धुराला चक्क भज्यांचा वास आला. पाहुणे उतरले की थेट माले फाट्यावर जाईबाईच्या भज्यांच्या गाड्यावर जाऊ लागले. घरी बायको समीना नाकाला पदर लावून म्हणायची, “अवो, लाँच चालवता का भजी तळता?”

पण कॅन पोचवणारा किशोर शेठ पुण्याच्या पार पलीकडे बसायचा. त्याचा कारखाना मोठ्या ट्रकवाल्यांना तेल पुरवायचा, तेही टँकरनं. चार कॅनांसाठी इतक्या लांब गाडी पाठवणं त्याला परवडत नव्हतं. बरं, जास्तीचं मागवून ठेवावं तर हे तेल टिकत नव्हतं. पाण्याकाठच्या दमट हवेत त्यात पाणी धरायचं, तळाला गाळ बसायचा. फोन केला की किशोर शेठ मध घातल्यासारखा बोलायचा, “झालंच समजा, हाफीजभाई, झालंच समजा.” हाफीज त्याची हुबेहूब नक्कल करायचा. नक्कल ऐकून माणसं हसायची आणि टाकी रिकामी राहायची.

शेवटी किशोर शेठनं अडचण सांगितली. कारखान्याला जुनं तेलच मिळत नव्हतं. हॉटेलवाले तेच तेल पुन्हा पुन्हा तळायला घ्यायचे, उरलं तर साबणवाले उचलायचे. तुम्ही तुमच्या भागातलं जळकं तेल गोळा करून द्या, तो म्हणाला, मी तुमचे कॅन बाजूला काढून ठेवतो. तुमच्याकडून येणाऱ्या जीपमध्ये जळकं तेल घाला, जाताना डिझेल घेऊन जा.

हाफीज त्याच दिवशी जाईबाईकडे गेला. जाईबाईनं कढई दाखवली. “जळकं तेल उरतंय कुटं, हाफीजभाऊ? त्याच तेलात उद्याची भजी हायेत.” तरी त्याच्यासाठी ती थोडं थोडं बाजूला ठेवू लागली. पण तेवढ्यानं कॅन कसा भरणार? मग त्यानं जीपवाल्या विकीला सांगितलं, की कोळवणपासून पौडपर्यंत जिथं मिळेल तिथलं जळकं तेल आण, माझं नाव सांग.

विकीनं नाव सांगितलं, आणि हाफीजच्या नावाला अजून किंमत होती. कॅन भरभरून आले. जाईबाईचं तेल काळं, फार्महाऊसवाल्यांचं काळं, सगळंच काळं. हाफीजनं झाकणं आवळली, पोत्यानं कॅन पुसले आणि जीपमध्ये चढवले. उघडून एकाचाही वास घेतला नाही. त्या दिवशी तो फार खुशीत होता, आणि विकीला त्यानं लाँचचा आवाज दोनदा काढून दाखवला.

आठवड्यानं किशोर शेठचा फोन आला. आवाजात मध नव्हता. कारखान्यातला सगळा घाणा नासला होता. कॅनांत गाड्यांच्या इंजिनातलं काढलेलं तेल निघालं होतं.

हाफीजनं विकीला गाठलं. विकी जीपच्या बॉनेटवर बसून वडापाव खात होता.

“पौडच्या गॅरेजातनं कशाला आणलं रे?”

“तुमीच म्हनला, जळकं तेल आन. गॅरेजवाल्याचं बी जळकंच हाय की. त्येला वाटलं, चाचाला लाँचमधल्या फळ्यांस्नी लावायचं असंल, वाळवी लागू नये म्हून. बिचाऱ्यानं पिंप उलटं करून दिलं.”

हाफीजचं सगळं आयुष्य इंजिनात गेलेलं. जळकं तेल म्हणजे इंजिनातून काढलेलं काळं तेल, हा अर्थ तो स्वतःच घराघरांत शिकवत आला होता. फळ्यांना तेच लावायचा. जाईबाईच्या कढईत तोच शब्द दुसरा होतो, हे सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं.

किशोर शेठनं पुरवठा बंद केला. दुसरा माणूस शोधला तर तो टँकरशिवाय बोलेना. आणि शनिवारी हिंजवडीच्या कंपनीची सहल ठरलेली होती. साधं डिझेल घालावं, तर धुराचा वास पहिल्या मिनिटाला चहाडी करणार. पाहुण्यांना आता भज्यांचाच वास हवा होता.

तेव्हा हाफीजनं ठरवलं. जाईबाईकडचं तेल त्यानं समीनाच्या जुन्या ओढणीतून गाळलं, डबा दिवसभर उन्हात ठेवला आणि तसंच टाकीत ओतलं. समीनानं हटकलं, की हे इंजिनाला झेपेल का. तो म्हणाला, “गरम असलं की झेपतंय.” ते खोटं नव्हतं.

शनिवारी सकाळी पाण्यावर धुकं होतं आणि गारठा हाडांत शिरत होता. हाफीजनं आधी उरलंसुरलं साधं डिझेल देऊन इंजिन तापवलं, मग तेलाच्या टाकीचा कॉक फिरवला. लाँच निघाली. भज्यांचा वास सुटला, पाहुण्यांनी फोन वर केले. ऋतिका नावाची त्यांची म्होरकी कौतुकानं म्हणाली, “वॉव, मस्त!” मनीषनं मागच्या बाकावरून हाफीजला अंगठा दाखवला.

पाण्याच्या मध्यावर ऋतिका म्हणाली, “काका, इंजिन बंद करा ना थोडा वेळ. आम्हाला सायलेन्स ऐकायचाय.”

हाफीजचा हात थबकला. त्यानं मनीषकडे पाहिलं. मनीषनं मान हलवली. हाफीजनं इंजिन बंद केलं.

शांतता झाली. माणसं डोळे मिटून बसली. हाफीजला मात्र गार होत जाणाऱ्या लोखंडाचा टिक टिक आवाज ऐकू येत होता, आणि नळीत तेल तुपासारखं दाटत असल्याचं त्याला डोळ्यांपुढं दिसत होतं.

पाहुण्यांनी डोळे उघडले तेव्हा वारा सुटला होता. हाफीजनं हँडल मारलं. इंजिन एकदा खोकलं. पुन्हा मारलं, पुन्हा एक खोकला. लाँच वाऱ्यानं काठालगतच्या बुडीत झाडांच्या खुंटांकडे सरकू लागली आणि कुणीतरी लाइफ जॅकेट कुठं आहेत म्हणून विचारलं. हाफीजनं सगळा भार टाकून हँडल फिरवलं. इंजिनानं अर्धवट पेट घेतला आणि हँडल उलटं त्याच्या हातावर मारलं. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज त्या शांततेत सगळ्यांनी ऐकला.

वल्ह्यांची होडी येईपर्यंत लाँचचा गंजका पत्रा खुंटावर आपटून फाटला होता. माणसं कमरेइतक्या पाण्यातून बाहेर काढली. कुणी बुडालं नाही. ऋतिका काठावर बसून रडत राहिली आणि हाफीज डाव्या हातानं उजवा हात धरून तिची माफी मागत राहिला.

मनगट जुळलं, पण वाकडं. चहाचा कप धरला की थरथरायचं. ‘शाहजादी’ काठावर ओढून गॅसकटरनं कापली. त्या दिवशी मनीषनं त्याला सुट्टी दिली होती, तरी तो आला, आणि नावाचा पत्रा ट्रकमध्ये चढेपर्यंत उभा राहिला. पुढं त्याला फाटकावर बसवलं.

बॅटरीची बोट आली. ती इतकी बिनआवाजाची, की पाहुण्यांना चैन पडेना. मग एक दिवस मनीष फाटकाशी येऊन म्हणाला, “चाचा, बेसिकली गेस्टना जुन्या लाँचचा फील हवाय. तुम्ही तो आवाज काढता ना? पुढं बसून काढाल?”

समीना म्हणाली, नका जाऊ. हाफीज गेला. पुन्हा पाण्यावर जायचं दुसरं निमित्त त्याच्याकडे नव्हतं.

उजवा हात मांडीखाली दाबून तो पुढच्या बाकावर बसला. आधी हँडलचा दम, मग दोन खोकले, मग टुक-टुक-टुक. पाहुणे हरखले. मध्यावर बोट थांबली, सगळ्यांनी शांतता ऐकली. मग मनीषनं बोटानं खूण केली, चाचा, करा सुरू.

हाफीजनं दम घेतला. एक खोकला. पुन्हा दम. पुन्हा एक खोकला. पुढं आवाज धरेचना. त्याच्या कपाळावर घाम आला, गाल फुगून लाल झाले, आणि पाहुण्यांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे. ते टाळ्या वाजवू लागले. बोट तोवर कधीच पुढं निघाली होती.