एका परातीतलं पीठ

धुळ्याच्या त्या वस्तीत तीन ख्रिस्ती मंडळ्या होत्या आणि तिन्हींच्या प्रभुभोजनाची बेखमीर पोळी धुरपदाबाई लाटत असे. मिशनच्या वसतिगृहात वीस वर्षं तिने स्वयंपाक केला होता; तशी पातळ पोळी दुसऱ्या कोणाला जमत नसे. शनिवारी तिच्या ओट्यावर तीन डबे यायचे. जुन्या मंडळीचे पाळक सुकदेव सांगत, मीठ नको. बुडवून बाप्तिस्मा देणारे ब्रदर नथ्थू सांगत, तेलाचं बोट लागायला नको. टाळ्या वाजवून गाणाऱ्यांचे पाळक सांगत, त्या दोघांच्या पिठाला आमचं पीठ शिवायला नको. विहिरीवरची शिवाशिव ज्यांच्या आज्यांनी सोसली, त्यांचे हे नातू. धुरपदाबाई तिघांनाही ‘बरं’ म्हणे आणि एकाच परातीत पीठ भिजवी.

तिची धाकटी बहीण भिकुबाई अकरा वर्षांपूर्वी ब्रदर नथ्थूंच्या हौदात बुडून आली. तेव्हापासून जुन्या मंडळीत भिकुबाईला प्रभुभोजनाचं ताट बंद आणि नव्या मंडळीत धुरपदाबाईला. आता भिकुबाईच्या पोटात गाठ होती, आणि जळगावच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं.

“अक्का,” ती म्हणाली होती, “एकदाव तरी तुना शेजारे बठीसन प्रभुभोजन ल्हेवानं शे.”

म्हणून एकोणनव्वदच्या उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, तिघा पाळकांची एकता समिती बनली आणि तिन्ही मंडळ्यांची एकत्र उपासना ठरली, तेव्हा सर्वांत जास्त आनंद धुरपदाबाईला झाला. भिकुबाईला रिक्षातून आणून मांडवात उशीला टेकवून बसवलं. एकतेवर तिघांनीही उपदेश केले, प्रत्येकाने दुसऱ्यापेक्षा लांब. मग तिघे पडद्यामागे गेले आणि निर्णय घेऊन आले : गाणी एकत्र, उपदेश एकत्र, ताट मात्र आपापलं. रांगा वेगळ्या करा.

धुरपदाबाई उठली. “मनी बहीण मनाजोडेच बठी.”

“बाई, मंडळीला शिस्त असते,” पाळक सुकदेव म्हणाले. “पुढच्या वर्षी बघू.”

“पुढला वरीस? हाई पुढलं वरीस देखी का?” तिचा आवाज मांडवाबाहेर गेला. “उघाडा तिन्ही डबा! कोनामा मीठ शे, कोनामा तेल शे, दखाडा! अकरा वरीसपाईन बठ्ठा एकच परातनं खाई राह्यनात. एकबी मरना नही!”

मांडवात कोणीतरी फस्सकन हसलं. आत साप निघावा तसं ब्रदर नथ्थूंनी डब्याचं झाकण लावलं. तिसऱ्या पाळकांनी घाईघाईने प्रार्थना सुरू केली. देवाला ते काय सांगत होते, ते गोंगाटात कळलं नाही. धुरपदाबाईने हाताशी आलेला एक डबा उचलला, बहिणीशेजारी फतकल मारली आणि पोळी मोडून तिच्या तोंडात घातली. द्राक्षरसाचे प्याले पाळकांच्या ताब्यात होते, म्हणून तांब्यातलं पाणी पाजलं.

भिकुबाईने घास बराच वेळ चघळला.

“अक्का, जरासं मीठ टाकानं व्हतं.”

सोमवारी धुरपदाबाईच्या घरी पत्र आलं. तिघांच्या सह्या एकाखाली एक, शाईसुद्धा एकच : इतःपर आपली पोळी कोणत्याही मंडळीत स्वीकारली जाणार नाही. एकता समितीने एकमताने केलेला तो एकमेव ठराव.

तिने तो चुलीत घातला, परात घेतली आणि बहिणीसाठी कणीक मळायला बसली. मुठी अशा आपटत होत्या की शेजारीण भिंतीपलीकडून विचारू लागली, काय झालं म्हणून. या वेळी तिने मीठ घातलं.