गिरणीच्या खिडक्या

बाळकुमच्या जुन्या भाताच्या गिरणीत बारा घरं करायचं काम आमच्या ऑफिसला मिळालं आणि साइट माझ्याकडे आली, तेव्हा मी अक्षरशः नाचले होते. दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं आणि दोन पुरुष उंचीच्या सागवानी खिडक्या. बाहेरचं रूप तसंच ठेवायचं आणि आत माणसांना नीट राहता येईल असं करायचं. आर्किटेक्ट म्हणून असलं काम मला पहिल्यांदाच मिळालेलं.

पहिल्याच आठवड्यात कंत्राटदार म्हणाला, "मॅडम, खिडक्या गेल्या. एक पण उघडत नाही. अॅल्युमिनियमचं स्लायडिंग टाकू, मस्त दिसेल."

"रविवारपर्यंत थांबा," मी म्हटलं.

कोपरला घरी आले ती चप्पल काढून थेट बाबांसमोर बसले. बाबांनी आयुष्यभर सुतारकाम केलं. गुडघ्यांमुळे अलीकडे ते बंद होतं. मी फोटो दाखवले. त्यांनी मोबाइल जवळ धरला, लांब धरला आणि परत दिला.

"फोटोवरून लाकूड कळतं होय गं? उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकटींवर बोटाने टकटक करत सगळी गिरणी पालथी घातली. मग एका खिडकीपाशी बसले आणि पटाशीने रंग खरवडायला लागले. हिरवा निघाला, त्याखाली निळा, त्याखाली चॉकलेटी. मग सागाच्या रेषा दिसल्या आणि मी ओरडलेच. फटीत पटाशी फिरवली तशी भाताचं तूस भुरभुर खाली पडलं. गिरणी बंद पडल्यापासून ते तिथेच अडकून होतं.

"लाकूड ठणठणीत आहे. रंगाने आणि तुसाने धरून ठेवलंय. हं, लाव जोर!"

मी खांदा लावला. काही नाही. बाबांनी बिजागरीत तेल सोडलं. पुन्हा लावला. कर्र करून झडप उघडली आणि अख्ख्या गिरणीत वारा शिरला. पलीकडचे गवंडी काम सोडून बघायला आले.

कंत्राटदाराने झडप दोनदा उघडझाप करून पाहिली. "पण माझ्या सुतारांना हे जमणार नाही."

"मी शिकवतो ना," बाबा म्हणाले.

नंतरचे दोन महिने ते रोज प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सुतारांवर ओरडत होते. दोन खिडक्या खालून कुजलेल्या निघाल्या, त्यांना नवं लाकूड जोडावं लागलं. एक नव्या जिन्याच्या वाटेत आली म्हणून काढावी लागली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. बाकीच्या सगळ्या उघडल्या. लोक राहायला आले तेव्हा एका बाईंनी आधी सामान लावलं नाही, घरातली खिडकी सताड उघडली आणि तिथेच उभ्या राहिल्या. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

आता कल्याणला एका जुन्या धर्मशाळेत घरं करायची आहेत. कंत्राटदार तोच. त्याने फोन केला तो बाबांना. मला ते रात्री जेवताना कळलं.

"तुला घेतो बरोबर," बाबा म्हणाले, "पण मध्ये बोलायचं नाही."