तिसरी हाक

ड्रॉवर आवरताना वीस बाजूंचा लाल फासा हाताला लागला आणि एव्हरशाईन सोसायटीतली ती दुपार आठवली. कॉलेजात होतो तेव्हा. टेबलावर नकाशा, वेफर्सचा चुरा. आमच्यातल्या सॅवियोने वसईतल्या त्याच्या गावच्या गोष्टींवरून, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन खेळायचा खेळ रचला होता. त्यात हाकामारी नावाची भुताळी बाई होती. ती घरच्या माणसाच्या आवाजात दोनदाच हाक मारते, तिसरी हाक माणसाची. त्याआधी ओ दिली की तुमचं पात्र मेलं.

सॅवियो बाईच्या आवाजात हळूच म्हणाला, "नीलू..."

"ओ!" समोर बसलेल्या मैत्रिणीच्या, नीलिमाच्या तोंडून निघूनच गेलं.

"मेलीस!" आम्ही टेबल बडवत ओरडलो.

"अरे, आईसारखी हाक मारलीस! आईला ओ नको देऊ?" ती रडवेली झाली होती.

माझ्या पाळीला आईच्या आवाजातल्या दोन्ही हाकांना मी ओ दिली नाही आणि जिंकलो. डोंबलाचा जिंकलो!

फासा ड्रॉवरमध्ये ठेवून उठलो. शेजारच्या खोलीत आई खिडकीशी बसली होती. तिने मला हाक मारून वर्ष उलटलंय. मीच दारातून म्हटलं, "आई." ती हलली नाही. "आई." तिसऱ्या हाकेला तिने मान वळवली, पदर सावरला आणि अदबीने विचारलं, "कोण हवंय तुम्हाला?"